बदकाची उचकी

(डबिंगचा स्टुडिओ. काचेच्या पलीकडे माइकसमोर एक जुना नट, शिकाऱ्याचा आवाज देतोय. अलीकडे दिग्दर्शन करणाऱ्या बाई आणि यंत्रावर बसलेला रेकॉर्डिस्ट दादा. पडद्यावर एक जुनी, गाजलेली कार्टून फिल्म : एक शिकारी आणि एक बदक. अलीकडचं बोलणं पलीकडे जातं ते बटण दाबलं तरच.)

शिकारी : आऽऽई गं! मेलो, मेलो! ... कसा झाला, मॅडम?

बाई : छान झाला, सर. परत द्या.

शिकारी : छान झाला तर परत कशाला?

बाई : तुम्ही ओरडताय, पण गोळी लागलेली ऐकू येत नाही. झाडाला वळसा घालून आपलीच गोळी आपल्याच बुडात शिरली, तर दुखणं आधी यायला हवं आणि लाज मागून. तुमची लाज आधी येतेय.

शिकारी : वा! दादा, ऐकलंस? याला म्हणतात दिग्दर्शन. हल्लीच्या पोरांना हे सुचतसुद्धा नाही. द्या, परत द्या.

दादा : रोलिंग.

शिकारी : आऽऽऽई गंऽऽ! मेलो! मेलो रे!

बाई : परत. या वेळी बेंबीपासून.

दादा : बाई, बटण सोडा जरा. सोडलंत? अगं, काय चाललंय तुझं? हा टेक झकास होता. आधीचाही होता. त्याच्या आधीचाही.

बाई : माहीत आहे.

दादा : म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा बघ कशा तट्ट फुगल्यात.

बाई : दिसतायत. खुर्ची काचेजवळ उगाच नाही ओढून घेतली.

दादा : उद्या घसा गेला त्याचा तर? आवाजावरच पोट आहे त्याचं. दारात तरी उभं करेल का कुणी?

बाई : मला केलं होतं कुणी?

दादा : आता ते जुनं...

बाई : जुनं कसं? ह्याच खुर्चीवर तू बसला होतास. ह्याच फिल्मचं पहिलं डबिंग. शिकारी तोच होता आणि दिग्दर्शनही तोच करत होता. बदक मी होते. शेवटाला बदक शिकाऱ्याच्या टोपीवर बसून हसतं, ते मी हसले, आणि हसता हसता मध्येच मला उचकी लागली. अख्खा स्टुडिओ लोटपोट. तूसुद्धा यंत्रावर डोकं टेकून हसत होतास. तोवर त्याच्या शिकाऱ्याला कुणी हसलं नव्हतं. मग तो काय म्हणाला?

दादा : परत.

बाई : परत. बेंबीपासून परत. उचकी लवकर आली, परत. उचकी उशिरा आली, परत. पाणी मागितलं तर म्हणे पाणी टेकनंतर. शेवटी तोंडात रक्ताची चव आली. आणि दर वेळी रोलिंग कोण म्हणत होतं?

दादा : नवा होतो गं मी. उलट बोललो असतो तर पोटावर पाय आला असता.

बाई : तो माझ्या गळ्यावर आला. किती महिने पाटी गळ्यात अडकवून फिरले मी. आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा आईला पाटीवर लिहून सांगायचे. आणि फिल्म लागली तेव्हा कळलं, वापरलाय तो पहिलाच टेक. बाकीचे त्याने नुसते घ्यायचे म्हणून घेतले.

दादा : मग सांगून मोकळी हो ना! दाब बटण आणि म्हण, ती मी.

बाई : मी का सांगू? त्याने ओळखायला हवं. सकाळपासून त्याचीच वाक्यं त्याच्या तोंडावर फेकतेय, आणि तो वा वा करतोय. एकदा त्याला कळू दे, हे कोण मागतंय आणि कशासाठी मागतंय. मग सोडते त्याला.

दादा : नक्की?

बाई : सोडते म्हटलं ना.

शिकारी : हॅलो? चहा पिताय की काय दोघं? मॅडम, एक घोट पाणी मिळेल का?

बाई : पाणी टेकनंतर, सर. पाणी प्यायलं की आवाजातला जीव विरघळतो.

शिकारी : अरेच्चा! हे तर माझं वाक्य! अगदी शब्दन् शब्द. कुणाच्या हाताखाली शिकलात हो तुम्ही?

बाई : होते एक सर.

शिकारी : खमके असणार.

बाई : फार.

शिकारी : म्हणूनच. चला, बदक नावेचं बूच काढतं तो भाग ना? नाव बुडतेय, मी बुडतोय, आणि बंदूक तेवढी डोक्यावर धरलीय. द्या.

दादा : रोलिंग.

शिकारी : वाचवा! बुडालो! बंदूक... गुळगुळगुळ... बंदूक घ्या कुणीतरी... गुळगुळ...

बाई : परत. पाणी नाकात शिरल्याशिवाय माणूस असा बुडत नाही.

शिकारी : वाचवाऽ! बुडा... गुळ... ख्खॉ! ख्खॉ! थांबा हं. हा खोकला खरा होता.

बाई : तोच हवा होता. परत द्या.

शिकारी : मॅडम, एक बोलू? राग नाही ना येणार?

बाई : बोला.

शिकारी : गेली कित्येक वर्षं मी जिथे जातो तिथे एका टेकमध्ये ओके. काच ठोठावून अंगठा दाखवतात, झालं, या घरी. सुरुवातीला वाटायचं, वा, काय आपला हातखंडा! मग कळलं, या म्हाताऱ्याकडून आणखी काही निघेल अशी आशाच नाही कुणाला. तुम्ही मागताय. घसा सोलून निघालाय माझा, खोटं कशाला बोलू, पण बरं वाटतंय. फार दिवसांनी कुणीतरी नट म्हणून वागवलं.

बाई : पाच मिनिटं थांबू या.

शिकारी : थांबा हो, तुम्हीही विश्रांती घ्या. तुमचाही घसा बसलेला वाटतोय. सर्दी का? कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. रामबाण आहे. मी माझ्या हाताखालच्या सगळ्या मुलींना तेच सांगायचो.

बाई : बटण सुटलंय ना, दादा?

दादा : सुटलंय.

बाई : मेल्याला मजा येतेय! मी त्याचा जीव काढतेय, आणि तो माझे आभार मानतोय. वर गुळण्या करायला सांगतोय. मला! माझ्या या आवाजाला!

दादा : मग पुरे कर आता. हा असा माणूस आहे, त्याला सूड उगवलेलासुद्धा कळायचा नाही. शेवटचा सीन घे आणि पाठव घरी.

बाई : शेवटच्या सीनला काय राहिलंय?

दादा : त्याचा एवढासा हुंकार. शिकारी चिखलात बसलाय, बंदूक गेली, बूट गेले, बदक टोपीवर बसून हसतंय, आणि तो नुसता "हं" म्हणतो. पण बदक करणाऱ्या मुलीचं हसू काल नीट आलं नाही. उचकी नकली वाटतेय. ते ऐकवून त्याच्याकडून हुंकार काढायचा म्हणजे कठीण आहे.

बाई : ऐकव तरी. दाबते बटण. सर, शेवटचा सीन. बदकाचं हसणं कानात येईल, त्यावर तुमची प्रतिक्रिया.

दादा : रोलिंग.

शिकारी : हं. ... छे, छे, थांबवा. हे काय हसू आहे, मॅडम? ही पोरगी उचकी देत नाहीये, उचकी वाचतेय. या बदकाचा सगळा प्राण त्या उचकीत आहे. पहिल्या डबिंगला बघा काय उचकी होती! मी बसवली होती ती.

बाई : तुम्ही?

शिकारी : मग! दिग्दर्शन माझंच होतं. एक पोरगी होती, पिपाणी म्हणायचो आम्ही तिला. आवाज असा की काचेला तडा जावा. पण कच्ची होती. सकाळपासून घासून घेतली तिला, तेव्हा कुठे दिवस मावळता मावळता उचकी आली.

दादा : पहिल्याच टेकला आली होती, सर.

शिकारी : काय?

दादा : पहिल्याच टेकला आली होती. यंत्रावर मी होतो. तुम्ही उरलेले टेक उगाच घेतलेत. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

शिकारी : असेल बाबा, तुझं खरं असेल. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय? नाजूक होती बिचारी. नंतर दिसली नाही कुठे. लग्नबिग्न झालं असेल.

बाई : दादा, माझ्यासाठी आत माइक लाव.

दादा : बाई, नको. डॉक्टरांनी तुला सांगितलंय...

बाई : लाव म्हणते ना.

शिकारी : या, या, मॅडम! तुम्ही स्वतः हसून क्यू देणार? वा! सरकतो मी. इथे उभ्या राहा, हेडफोन घ्या.

बाई : शेजारी नको, सर. समोर उभी राहते. माझ्या तोंडाकडे बघा. दादा?

दादा : ... रोलिंग.

बाई : हॅ हॅ हॅ हॅ... हिक्! ... हॅ... ख्ख... हॅ हॅ... हिक्... सर. तुमची वेळ आहे.

शिकारी : हं.

दादा : आला हुंकार. हाच. टेक ओके.

शिकारी : पिपाणी? तू... अगं, तू पिपाणी?

बाई : मॅडम म्हणा.

शिकारी : पण तुझा आवाज... हा असा कसा...

बाई : सर्दी नाहीये मला. मिठाच्या गुळण्यांनी जात नाही हा. करून बघितल्या मी. लग्नही झालं नाही आणि नाजूकही नव्हते. अख्ख्या स्टुडिओला हसवलं होतं मी, आणि ते तुम्हाला बघवलं नाही.

शिकारी : अगं, पोरी, तेव्हा शिकवायची पद्धतच तशी होती. आमच्या गुरूंनी आम्हाला याहून...

बाई : पहिला टेक वापरलात. शिकवत होतात, तर शेवटचा का नाही वापरलात?

शिकारी : शेवटच्यात तुझा आवाज उरला नव्हता.

दादा : बाई, झालं आता. ओळखलं त्यांनी. सीन संपला, फिल्म संपली. बाहेर या.

बाई : दादा, तो हुंकार ठेव. बाकीचे सगळे पूस.

दादा : सगळे? सकाळपासूनचे?

बाई : गोळीचे, नावेचे, सगळे. कोण मागतंय हे माहीत नसताना दिलेत ते. त्यांची त्यांना मजा येत होती. मला ते नकोत.

दादा : तू म्हणाली होतीस, ओळखलं की सोडशील.

बाई : म्हणाले होते.

शिकारी : मी उठून जाऊ शकतो, पिपा... मॅडम. मला काही बांधून ठेवलेलं नाही.

बाई : दार उघडंच आहे, सर. त्या दिवशी मलाही उघडंच होतं. तेव्हा मी का गेले नाही, ते बघा आता समजतंय का.

दादा : सर, जा तुम्ही. मी सांगतो ना, जा. मानधनाचं मी बघतो.

शिकारी : नको रे. गेलो तर परत बोलवणार कोण? ... आणि हिने मागितलेत टेक.

बाई : दादा, फिल्म पहिल्या गोळीपासून लाव.

दादा : मी रोलिंग म्हणणार नाही, बाई. तेव्हा म्हणालो, आता नाही.

बाई : नको म्हणूस. मीच म्हणते. सर, हेडफोन नीट बसलाय ना? माइकच्या जवळ या. आणि बेंबीपासून.

शिकारी : थोडं पाणी मिळेल का, मॅडम?

बाई : टेकनंतर, सर.