सुलटा

ताई: तसं नाही रे. रस्ता उलटा दिसतो याची मला भीती नाही. ते मला कळलं. पुढचं ऐक.

मास्तर: आधी नीट कळलंय का ते सांग. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अंधारात बसायला सांगितलं, म्हणून तू खिडकीला पुठ्ठा लावलास. पुठ्ठ्याला खिळ्याचं भोक राहिलं. उजेड सरळ चालतो, वळणं घेत नाही. वरून आलेला किरण भोकातून खाली जातो, खालून आलेला वर. म्हणून समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उलटा. सातवीच्या पोरांना हेच मी खोक्यात दाखवतो.

ताई: सायकली उलट्या, माणसं उलटी, खाणीचा काठ उलटा. शिवणयंत्र बंद, मग आठ दिवस दुसरं करते काय, हेच बघते. सवय झाली. पण रोज तीनच्या सुमाराला एकजण येऊन उभा राहतो. तो सुलटा असतो.

मास्तर: सुलटा म्हणजे?

ताई: तुझ्यामाझ्यासारखा. डोकं वर, पाय खाली. आताही आहे बघ, डावीकडे कोपऱ्याजवळ.

मास्तर: अगं हो, खरंच की. थांब, घाबरू नकोस, सोपं आहे. समोर ती बंद पडलेली दगडाची खाण, तिच्यात पाणी साठलंय. पाण्यात माणूस उलटा दिसतो. तो उलटा भोकातून पुन्हा उलटला की झाला सुलटा. पलीकडच्या काठावर कुणी उभा असेल, त्याचं हे पाण्यातलं प्रतिबिंब.

ताई: मग तो स्वतः कुठाय?

मास्तर: म्हणजे?

ताई: पाण्यातला भिंतीवर आला, तर काठावरचाही यायला हवा ना? काल तिथे एक बाई उभी होती. ती दोनदा दिसली, पायाला पाय लावून. वरची सुलटी, खालची उलटी. या माणसाच्या पायाखाली कुणीच नाही.

मास्तर: सावलीत उभा असेल, झाडाबिडाखाली. मी बघून येतो.

ताई: जा. फोन चालू ठेव.

(मास्तर जिना उतरून, खाणीला वळसा घालून पलीकडच्या काठावर जातो. पुढचं बोलणं फोनवर.)

मास्तर: पोचलो. दिसतो का मी?

ताई: दिसतोस, दोन-दोन. तुझ्या उजव्या हाताला सरक. आणखी थोडा. बस.

मास्तर: इथे कुणी नाही, ताई. झाडही नाही. पंपाची पत्र्याची खोली तेवढी आहे.

ताई: तो तुला लागूनच उभा आहे. तुझ्यापेक्षा वीतभर उंच. उजवा खांदा उतरलेला.

मास्तर: ताई.

ताई: वायरमनची पिशवी वाहून वाहून त्यांचा असाच उतरला होता.

मास्तर: 'त्यांचा' म्हणू नकोस.

ताई: आठ दिवस 'तो'च म्हणत होते. तू शेजारी उभा राहिलास तेव्हा उंची कळली. हेच आहेत.

मास्तर: भावजींना जाऊन दोन वर्षं झाली. ते निघून गेले, ताई.

ताई: असं तू सांगितलंस. स्टेशनवर पाहिलं म्हणालास, बॅग घेऊन, कुणा बाईबरोबर. पोलिसांनाही तेच सांगितलंस, म्हणून त्यांनी शोध थांबवला. पाहिलं होतंस का?

मास्तर: ताई, मी वर येतो, मग बोलू.

ताई: तिथूनच सांग. त्यांच्या समोर.

मास्तर: नाही पाहिलं.

ताई: हं.

मास्तर: तू चार महिने दारात बसून होतीस. जेवत नव्हतीस, मशीनला हात लावत नव्हतीस. वाटलं, राग आला तरी उठशील. आणि ते खरंच कुठेतरी गेले असतील असं मला वाटत होतं. मी फक्त पाहिलं नव्हतं.

ताई: उठले मी, खोटं कशाला बोलू. त्यांचे कपडे वाटून टाकले. दोन वर्षं मनातल्या मनात नाही नाही ते बोलले त्यांना. पाण्यात बघ.

मास्तर: पाण्यात मी एकटाच आहे.

ताई: इतका वाकू नकोस. मागे हो. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवलाय, मागे ओढतायत तुला. काठ सुटा असेल तिथला.

मास्तर: ताई, माझा खांदा ओला झालाय.

(नऊ दिवसांनी, दुपारी, त्याच खोलीत.)

मास्तर: पाणी उपसल्यावर मी उभा होतो तिथेच, बरोबर खाली सापडले. पिशवीचा पट्टा खांद्यात तसाच होता. पंप दुरुस्त करायला गेले असतील आणि काठ ढासळला, असं पोलीस म्हणाले. मी सगळं लिहून दिलं. माझं खोटंही.

ताई: बरं केलंस.

मास्तर: तू मला एका शब्दानं बोलली नाहीस.

ताई: बोलेन. अजून जोर नाही आला.

मास्तर: पुठ्ठा का ठेवलाय अजून? डॉक्टरांनी सोमवारीच उजेडात बसायला सांगितलं. आणि खाणीत आता थेंब नाही पाण्याचा. सुलटं काही दिसायचं नाही तुला.

ताई: नाही दिसत. पाणी गेल्यापासून तेही चारचौघांसारखे उलटेच दिसतात.

मास्तर: दिसतात?

ताई: परवा काठावर होते. काल रस्त्याच्या पलीकडे. मघाशी, तू आलास त्याच्या जरा आधी, खाली फाटकापाशी.

मास्तर: आणि आता? भिंतीवर तर कुणी नाही.

ताई: जिना कुठे दिसतो या खिडकीतून. तू निघ आता, अंधार पडायच्या आत पोच. आणि जाताना दार नुसतं लोट.