निम्मं इथे, निम्मं भोपाळला

छप्पन्न साली राजधानी हलली आणि निम्मी सरकारी दफ्तरं भोपाळला निघाली होती. मुरारच्या दवाखान्यात बायकोची वाट पाहणाऱ्या दिनकररावांच्या खिशातही बदलीचा हुकूम होता. शेजारच्या बाकावर एक सासू आणि तिची शाळेत शास्त्र शिकवणारी सून बसली होती.

“तीन मुली झाल्या, सूनबाई. आता तरी मुलगा दे.”

“आई, बीज तयार होताना पेशीची वाटणी होते, आपल्या दफ्तरांसारखी. निम्मं इथे, निम्मं भोपाळला.”

दिनकररावांचा हात खिशाकडे गेला.

“बाईची सगळी बीजं एकसारखी. पुरुषाची मात्र निम्मी मुलीची, निम्मी मुलाची.”

“म्हणजे मुलगा द्यायचा तो आमच्या श्रीपादने?”

“बिल्कुल.”

“अगं, त्याला मेथी सांगितली तर मुळा घेऊन येतो!”

“आई!”

“थांब. मला पाच मुलींवर श्रीपाद झाला. तोवर सासूची बोलणी कोणी खाल्ली?”

“तुम्हीच.”

“घरी गेल्यावर यांच्या तसबिरीचा हार उतरव. मला त्यांच्याशी बोलायचंय.”