पानाच्या डब्यातल्या गोळ्या

ओट्यावरून वाटी घरंगळली आणि दुपारचं निवांत घर दचकलं. तेवढ्यात फोन. पिशोर गावाहून नणंदेचा. मनस्विनीचा नवरा मंदार आठवडाभर या बहिणीकडंच होता. मनस्विनीनं ओल्या हातानंच फोन उचलला.

"हॅलो?… हां मीनाताई, बोला. कसे आहेत हे?

…थांबलं? नाकातून रक्त थांबलं? बाई गं! जीव टांगणीला लागला होता माझा.

…हो, हो… नाही हो ताई, दोन्ही गोळ्या कशा बंद करणार? हृदयात पंप बसवलाय, रक्त पातळच ठेवावं लागतं. गुठळी झाली तर पंपच अडकायचा. म्हणून तर डॉक्टरांनी दोनातली एकच बंद केली. अ‍ॅस्पिरिन.

…तुम्ही तीच बंद केलीत ना?

…पांढरी म्हणजे कोणती? पाकिटावरचं नाव वाचा बरं.

…पाकिटं फेकली?

…पानाच्या डब्यात? सुपारीच्या खणात? अहो, कशाला काढल्या!… नाही, रागवत नाही. त्यांना पटकन सापडाव्यात म्हणून केलंत, कळतंय मला. आधी रडणं थांबवा.

ताई, ऐका ना… अहो ऐका! जी बंद केली, तिच्यावर मधोमध रेघ आहे? अर्धी तोडायला असते तशी?… चष्मा लावून बघा.

…आहे.

…हॅलो? हां, ऐकतेय. ताई… ती अ‍ॅस्पिरिन नाही. तीच तर चालू ठेवायची होती.

…नाय नाय नाय! एकदम दोन देऊ नका! पुन्हा नाक फुटलं तर?… किती द्यायची, मला काय माहीत! हॉस्पिटलला विचारते. तुम्ही मनानं काही देऊ नका.

पंपाचा अलार्म वाजला का?… नाही. बरं. लघवीचा रंग विचारा… विचारा हो, लाजता काय, भाऊच आहे तुमचा!

…कोऱ्या चहासारखी? सकाळपासून?

निघा. आत्ता. असा रंग म्हणजे पंपात गुठळी धरली असेल, थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय… जेवण राहू द्या हो! शेजारच्या सांडूभाऊंना गाडी काढायला सांगा. पंपाच्या बॅटऱ्या घ्या, चार्जर घ्या. आणि तो डबा पण आणा, आहे तसा. शहराच्या वेशीवर, हर्सूलला पोचलात की… हॅलो? ताई?… हॅलो?"

लाइन गेली होती. तिनं हॉस्पिटलचा नंबर लावला. पलीकडं रिंग वाजत राहिली.

घरंगळलेली वाटी उचलून लेक जवळ आली. तिनं आईचा पदर ओढला.

"आई, बाबांचं रक्त पातळ झालं की नाकातून येतं. घट्ट झालं की पंप अडकतो. मग ते बरोबर कधी असतं?"