सतरा नंबरचा गुडघा

आदरणीय अध्यक्ष विलासराव, आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर मालिनीताई, पहिल्या रांगेतल्या कौमुदीमावशी आणि सर्व वडीलधारी मंडळी, जमलेले सभासद, आणि मराठी सगळं कळूनही उत्तर मात्र जर्मनमध्येच देणारी आपली मुलं, सर्वांना गुरुदत्तचा नमस्कार. मंडळाचा कार्यवाह म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरना सहा वाजता हॉलची किल्ली हवी आहे आणि त्यांचे सहा म्हणजे सहाच. तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

ताई इथे येनाच्या वनस्पतिसंशोधन संस्थेत आल्या त्याला सव्वीस वर्षं झाली. मी भिंगांच्या कारखान्यातला माणूस. मला झाड म्हणजे एक आंबा कळतो, तोही फोडी करून समोर आला तर. अशा मला आणि तुम्हा सर्वांना ताईंनी संस्थेच्या बागेतला तो दलदलीचा कोपरा दाखवला. तळ्याकाठी दलदलीतल्या सायप्रसची नऊ झाडं आणि ट्यूपेलोची दोन. मूळची अमेरिकेतली, पाण्यात पाय सोडून उभी राहणारी. आठवतंय ना? पहिल्या हिवाळ्यात सायप्रसच्या सगळ्या सुया गळलेल्या पाहून आपण ताईंना फोन केले होते, "ताई, तुमची झाडं गेली हो!" ताई म्हणाल्या, "गेली नाहीत, निजलीत. तुम्हीही निजा." ट्यूपेलोचा खालून फुगलेला बुंधा पाहून कौमुदीमावशी काय म्हणाल्या होत्या? "अगं बाई, याचे पाय सुजलेत. मिठाच्या गरम पाण्यात बुडव." हसा, हसा. मावशीही हसताहेत.

सायप्रसच्या भोवती जमिनीतून खुंटांसारखं काहीतरी वर आलेलं असतं. ती त्याच्या मुळांचीच टोकं. इथले लोक त्यांना श्वासाचे गुडघे म्हणतात. मी विचारलं, "म्हणजे झाड यातून श्वास घेतं?" ताई म्हणाल्या, "सगळे तसंच म्हणतात. सिद्ध कोणी केलेलं नाही. मी बघतेय." आल्झो, म्हणजे तर मग, ताई काय बघत होत्या? एकतीस गुडघे. प्रत्येकाला ॲल्युमिनियमची बारकी चकती, चकतीवर नंबर. दर सप्टेंबरला चिखलात बसून त्या प्रत्येकाची उंची मोजायच्या. अकरा वर्षं. एकदाही खंड नाही.

आता अध्यक्षांची परवानगी घेऊन कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं थोडं बोलतो.

चार वर्षांपूर्वी आपलं वनभोजन त्या बागेत झालं. परवानगी ताईंनी मिळवली होती, पण सासूबाई आजारी म्हणून त्यांना पुण्याला जावं लागलं. आपली जुनी रीत, ज्यांच्या जागेत जेवायचं त्यांच्यासाठी आदल्या दिवशी श्रमदान करायचं. मी ताईंना तसं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाळकी पानं उचला. बाकी कशाला हात लावू नका हं, गुरुदत्त." मी म्हणालो, "हो हो, ताई, निश्चिंत राहा."

आणि शनिवारी सकाळी आम्ही चौघं तिथे पोचलो. पानं अर्ध्या तासात उचलून झाली. हातात करवत होती, अंगात उत्साह होता. मला ते खुंट दिसले. उद्या मावशी नऊवारी नेसून येणार, पोरं धावणार, कोणीतरी अडखळून पडायचं. मी करवत लावली. आमची शुभदा म्हणाली, "अहो, थांबा, यांना नंबर आहेत." मी काय म्हणालो असेन? "अगं, या देशात कचऱ्याच्या डब्यालासुद्धा नंबर असतो." आणि कापत गेलो. एकोणीस. उरलेले बारा पाण्यात होते म्हणून वाचले.

रविवारी वनभोजन झकास झालं. वार्षिक अहवालात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, श्रमदान यशस्वीरीत्या पार पडले. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात.

संस्थेने चौकशी केली. ताईंनी परत आल्या आल्या सांगितलं, "माझीच सूचना स्पष्ट नव्हती." अहो, सूचना किती स्पष्ट होती ते मी आत्ताच सांगितलं! मी एक पत्र लिहायला हवं होतं. दोन ओळींचं. पण त्याच महिन्यात माझी नागरिकत्वाची फाइल आइनब्युर्गरुंगच्या कचेरीत गेली होती. नावावर तक्रार लागली तर? मी गप्प बसलो. मला पासपोर्ट मिळाला. ताईंची अकरा वर्षांची मापं तुटली, प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही, आणि शेवटची चार वर्षं त्यांनी शाळेच्या सहलींना बाग दाखवण्यात काढली. उद्या त्या पुण्याला परत चालल्या आहेत आणि त्या गुडघ्यांचं कोडं तसंच राहिलं आहे. मला याची लाज वाटते, ताई. रोज वाटते. बागेत ट्यूपेलो लाल झालाय म्हणे, पण चार वर्षांत मी एकदाही त्या बाजूला गेलो नाही.

ताई, उठू नका. बसा, एवढं बोलू द्या.

विलासराव, ती समई जरा उचलता का? सांभाळून, वात तेवत राहू दे. खाली जी लाकडी बैठक आहे ना, ती मी मंडळाला भेट दिली होती. सुरेख लाकूड कुठून आणलंत, असं तुम्ही सगळ्यांनी विचारलंत. मी म्हणालो, मिळालं असंच. गेली चार वर्षं आपण प्रत्येक कार्यक्रमाला तिच्यावर दिवा लावतो. मघाशी ताईंनीही लावला. तिच्या खालच्या कडेभोवतीचं हिरवं कापड मी आज सकाळी सोलून काढलं. चकती तशीच आहे. सतरा नंबर.

हा घ्या, ताई. तुमचा आहे. आणि हे पत्र, संस्थेला लिहिलेलं. उशीर झालाय. सोमवारी मी स्वतः नेऊन देणार आहे.

काय म्हणालात ताई? माइक जरा... तेवीस पूर्णांक चार? सेंटिमीटर? पाठ आहे तुम्हाला?

नाही ताई. आता तेवढा नाही भरायचा. सपाट बसावा म्हणून मी तो खालून घासला.

अध्यक्षमहाराज, वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. मी जे केलं ते मात्र तुम्ही कोणी सांभाळून घेऊ नका, ते ताईंवर सोडा. नमस्कार.