सटवाजीनं मोठ्यानं सांगितलेलं मत

मंडळी, ऐका. आजच्या कीर्तनात एक साधा प्रश्न विचारतो. हातून चूक झाली, ती मनाला डाचायला लागली, तर कबूल करायची कुणापाशी? — "देवापाशी," पुढच्या रांगेतून आवाज आला. येणारच! देव काही उलट बोलत नाही. असो, उत्तराची घाई नको. आधी वामनराव दाबक्यांची गोष्ट ऐका.

गोऱ्या साहेबाच्या राज्यातलं, घाटावरचं एक शहर. तिथं म्युनिसिपालटीची निवडणूक लागली. पेठेला जागा एक, उमेदवार दोन. एक हे वामनराव, वकील. दुसरे चिंतोपंत, मळेवाले. दोघं लहानपणापासूनचे मित्र बरं का! पण खुर्ची पडली एकच. एरवी वामनराव कुणाच्या नमस्काराला मान हलवायचे नाहीत. आता समोरून म्हैस आली तरी बाजूला होऊन "या, या" म्हणू लागले — न जाणो, मालकाला मत असायचं!

हो, तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. भरपूर घरपट्टी भरणाऱ्यालाच. आणि पेठेतले मतदार पक्के सोवळे. वामनरावांची माणसं ओटीओटीवर कुजबुजत फिरली — "चिंतोपंतानं पटकीच्या साथीत मळ्यातली विहीर खालच्या वस्तीला उघडी केली. उद्या शहराचे नळही बाटवील." हे वामनराव स्वतः बोलले नाहीत हं. वकील ना! ते नुसते ऐकत, पानाला चुना लावत बसले.

आता खरं काय ते सांगतो. साथीत वस्तीच्या नाल्याचं पाणी नासलं होतं, माणसं पटापट जात होती. चिंतोपंतांनी विहीर उघडली तेव्हा पाणी काढायला दुसरा माणूस कोण होता? हेच वामनराव! सदरा काढून धावले होते. मळा गावाबाहेर, त्यामुळे शहरातल्या कुणी पाहिलं नाही. सगळं नाव झालं चिंतोपंतांचं, आणि आता बदनामीही त्यांचीच. वामनरावांना आतून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण सकाळ झाली की पागोटं बांधायचं आणि मतं मागायला निघायचं!

मतदानाचा दिवस आला. आतासारखी चिठ्ठी नाही, पेटी नाही. शाळेच्या पडवीत मामलेदार टेबल टाकून बसलेले, शेजारी दोन्ही उमेदवार, आणि मतदारानं सगळ्यांदेखत नाव सांगायचं. तोंडावर!

तेवढ्यात अंगणात सटवाजी आला. हा कातड्याच्या मोटा शिवणारा. धंद्यात पैसा मिळवला, खालच्या वस्तीत दुमजली घर बांधलं, घरपट्टी भरली, म्हणून पेठेच्या यादीत त्याचंही मत. सगळ्या शहराच्या बागा त्याच्या मोटेतलं पाणी पीत होत्या, आणि त्याला त्या पडवीची पायरी चढायची बंदी. असं का, ते मला विचारू नका. सांगतानाही लाज वाटते.

मामलेदार वरूनच म्हणाले, "बोल. मत कुणाला?"

"वामनराव वकीलसायबांना," सटवाजी मोठ्यानं म्हणाला.

मामलेदारांना नवल वाटलं. "अरे, तुमच्या वस्तीला विहीर दिली ती चिंतोपंतांनी ना?"

"व्हय जी, विहीर त्यांची. त्यांचे उपकार हाईतच. पर माझी आय गेली त्या दिशी तिचं डोसकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात पानी घातलं ते वकीलसायबांनी. आपल्या हातानं."

पडवीतल्या सोवळ्या मतदारांनी कान टवकारले. मंडळी, तो माणूस उपकार फेडायला आला होता हो! भर सभेत, चांगल्या मनानं. बाळंभट म्हणून पेठेतले वजनदार गृहस्थ, निम्मी मतं त्यांच्या शब्दावर पडायची. ते पुढं झाले.

"वामनराव, हे खरं?"

वामनरावांनी चिंतोपंतांकडे पाहिलं. चिंतोपंतांना सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर निवडणूक त्यांची होती. त्यांनी मान खाली घातली. मित्राची अब्रू आपल्या तोंडून जायला नको, दुसरं काय!

"नाही," वामनराव म्हणाले. "याची काहीतरी गफलत होतेय. तो मी नव्हतो."

सटवाजीनं खालूनच हात जोडले. मग म्हणाला, "असंल सायेब. माझीच नजर चुकली असंल. मत तेवढं तसंच ऱ्हाऊ द्या."

आणि वामनराव निवडून आले! गुलाल, ताशे, हार. हारांत तोंड बुडालं ते बरंच झालं, कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच सटवाजीच्या दारी गेले. तो कातडं शिवत बसला होता. वामनरावांनी हात जोडले. "सटवाजी, मी खोटं बोललो. तो मीच होतो. मला क्षमा कर."

"मला ठावं हाय की सायेब. माझी आय व्हती ती, मी कसा इसरंन?" त्यानं सुई खाली ठेवली. "वस्तीत तर मी सांगून बसलो, त्यो मानूस दुसराच व्हता म्हून. तुमास्नी कुनी नावं ठेवाया नगंत. पर मला कशाला सांगता? मला तर ठावंच हाय. ज्यांस्नी ठावं न्हाई, त्यांस्नी सांगा."

वामनराव तिथून थेट बाळंभटांच्या ओटीवर गेले. "या, मेंबर!" म्हणत बाळंभटांनी बैठकीवर जागा करून दिली. आणि वामनराव बसले... गटारांविषयी बोलले... आणि उठून घरी आले. पुढं बरीच वर्षं मेंबर होते. सटवाजी रस्त्यात दिसला की ते दुसऱ्या बाजूला वळायचे, आणि तो तिकडूनही रामराम घालायचा.

हसू थांबलं ना सगळ्यांचं? थांबू द्या. आता आपल्याकडे वळू या. कीर्तन संपलं की तुम्ही गाभाऱ्यापुढं उभे राहाल, डोळे मिटाल, पुटपुटाल, "देवा, चुकलो." अहो, त्याला ठाऊकच आहे! भावकीत ज्याचं नाव खराब केलंत, ज्याचा उपकार चारचौघांत नाकारलात, तो काय गाभाऱ्यात बसलाय? पेटीवाले बुवा, सूर थांबवा. आज शेवटचा गजर नको. जिथं खरं बोलायचं राहून गेलं ती आपली ओटी ज्याला आठवली असेल, त्यानं आरतीला थांबू नये. उठावं, तिथं जावं, आणि माणसं बसलेली असतानाच बोलावं. देव इथंच आहे, तो वाट बघेल.