रश्श्यातल्या तांबड्याची पिल्लं

पाटोद्याकडं एका वस्तीवर एक म्हातारा, एक म्हातारी आन् त्यांचा तांबडा कोंबडा राहायचा. म्हातारी म्हंजी मीच. एका साली मर आली, सगळ्या कोंबड्या गेल्या, ह्यो एकटा टिकला. पर त्यो मरीआईला नवसात बोललेला, कापणं भाग होतं.

आमची नात सारिका कोंबड्यांच्या रोगावर शिकती. ती पळत आली. "आजी, असा चिवट वंश बुडू देऊ नका. नवस फेडा, पर ह्याच्या पोटातल्या गोट्या मला द्या."

म्हातारा भडकला, "कावून? त्यो घरच्या थोरल्याचा वाटा हाय!"

"आबा, त्यात बीजाच्या मूळ पेशी असत्यात. स्वतःचं बीज नसलेल्या दुसऱ्या कोंबड्यात त्या घातल्या की त्याची पिल्लं आपल्या तांबड्याची."

मी इचारलं, "मग बाप कोण गं?"

"आपला तांबडा."

"अगं, त्यो तर रश्श्यात चाललाय!"

"व्हय आजी, तरी बाप त्योच."

म्हाताऱ्यानं तोंड वाकडं करून वाटा सोडला. तांबडा कापल्यावर सारिकानं त्या गोट्या बर्फाच्या डब्यात घालून नेल्या.

पुढं ती टोपलीभर पिल्लं घेऊन आली. ज्याच्यात त्या पेशी घातल्या त्या पांढऱ्या कोंबड्याची म्हणं, पर ताठा तांबड्याचा. औंदा परत मर आली, लोकांची खुराडी ओस पडली. आमचं भरल्यालं.

"माझ्या वाट्यावर भरलं," म्हातारा मिशा पिळून सांगतो. मी मरीआईला हात जोडते, पर मनात घोटाळा तसाच हाय: आता नवसाचा कोंबडा कुठला म्हणायचा, कापलेला का पांढरा?