हनुवटीकडचा डिसेंबर

घड्याळजी : आता पुन्हा पुन्हा विचारू नकोस. पूर्ण काढ. मिशीसकट.

न्हावी : काका, चार वर्षं सांभाळलेली दाढी आहे. नातीचं तोंड पाहिल्याशिवाय वस्तरा लावणार नाही, असं याच खुर्चीत बसून म्हणाला होतात.

घड्याळजी : म्हणालो होतो. आता नात काही दिसायची नाही. मग दाढी ठेवून काय लोणचं घालू तिचं? लाव साबण.

शिंपी : खरं तर नंबर माझा होता, पण होऊन जाऊ दे तुमचं. एवढं झालं तरी काय?

घड्याळजी : लेकीनं पुन्हा थाप मारली. ती परस्पर लग्न करून तिकडे समुद्रापलीकडे, पृथ्वीच्या पार दक्षिणेला निघून गेली, तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. जे काय ते आमच्या हिच्यामार्फत. काल हिनं फोनवर सांगितलं, की बाबा मे महिन्यात येतो म्हणतायत. तर लेक म्हणते, आत्ता नको, इकडे थंडी सुरू होतेय, बाबांना दमा आहे.

शिंपी : मे महिन्यात थंडी?

घड्याळजी : बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि लेकीकडे थंडी. दर वर्षी हेच. मे आला की नको म्हणते आणि डिसेंबर आला की आग्रह करते, या बाबा, ऊन छान पडलंय. म्हणजे दमेकऱ्याला ऐन थंडीत बोलवायचं. बापाला टाळायचंच आहे तर जरा बरं कारण शोधावं की नाही माणसानं?

न्हावी : मान जरा उजवीकडे. हां. काका, तिकडे खाली खरंच उलटं असतं. माझा मेहुणा जहाजावर स्वयंपाकी आहे. डिसेंबरात तिकडून फोटो पाठवतो, अंगात नुसता बनियन.

शिंपी : तुझा मेहुणा चुलीपुढे उभा असतो. त्याला बारा महिने बनियनच.

घड्याळजी : मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. तिकडचं घड्याळ आपल्या पुढे आहे, मान्य. चार तास म्हण, पाच तास म्हण. पण सहा महिने? असं घड्याळ दुकानात आलं असतं तर मी हात लावला नसता.

शिंपी : शिवाय यात शास्त्र आहे. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. आणि जाते ती सगळी जाते. अर्धी इस्त्रीखाली आणि अर्धी कपाटात, असं नाही होत.

न्हावी : जवळ-लांबचा संबंधच नाही, शिंपीभाऊ. आपण जानेवारीत कुडकुडतो ना, तेव्हाच ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. मुलीचा अभ्यास घेताना वाचलंय मी.

शिंपी : मुलीचं पुस्तक बदल.

न्हावी : थांबा, हा टेबलावरचा दिवा घेतो. काका, ही खुर्ची मागे कलली आहे ती कललीच आहे, दोन वर्षं झाली.

घड्याळजी : माझ्या मानेला विचार.

न्हावी : पृथ्वीचंही तसंच आहे. एकाच बाजूला कललेली, वर्षभर. आता तुमची टाळू दाराकडे आहे. टाळू म्हणजे आपण. हनुवटी म्हणजे तुमची लेक.

घड्याळजी : लेक हनुवटीवर?

न्हावी : हा दिवा सूर्य. तो दाराकडून धरला. कुठे चटका बसतोय?

घड्याळजी : टकलाला. लांब धर.

न्हावी : आणि हनुवटीला?

घड्याळजी : तिला काही नाही. तिकडे सावली आहे.

न्हावी : हा झाला मे. आता दिवा घेऊन मी आरशाकडे येतो. खरं तर सूर्य जागेवर असतो, पृथ्वी फिरते. पण तुम्हाला खुर्चीसकट फिरवायचं तर फरशी उखडावी लागेल. आता?

घड्याळजी : आता हनुवटीला लागतंय. साबण वाळला तिथला.

न्हावी : आणि टाळू?

घड्याळजी : गार.

न्हावी : हा डिसेंबर. दिवा तेवढ्याच अंतरावर, खुर्ची तशीच. ज्याच्यावर ऊन सरळ पडतं त्याचा उन्हाळा, ज्याला तिरपं मिळतं त्याचा हिवाळा. दोघांना एकदम मिळत नाही.

शिंपी : मला नीट दिसलं नाही. दिवा पुन्हा दाराकडे ने बघू.

न्हावी : आता तुमच्यासाठी काकांना पुन्हा भाजू का?

घड्याळजी : थांबा रे दोघं. म्हणजे मे महिन्यात तिच्याकडे खरंच थंडी असते?

न्हावी : असते.

घड्याळजी : आणि डिसेंबरात ऊन.

न्हावी : छान ऊन.

घड्याळजी : हिनं सांगितलं होतं मला एकदा. मी म्हटलं, तुम्ही मायलेकी एकमेकींना सामील आहात. चार वर्षं मी हेच धरून बसलो, की तिला मी नको आहे. आणि ती बिचारी माझा दमा सांभाळत होती.

शिंपी : होतं असं. मला तर आत्ता कळलं.

न्हावी : काका, डावा गाल पूर्ण झाला. उजव्याचं काय करू?

घड्याळजी : हात लावू नकोस.

शिंपी : अहो, असे बाहेर पडणार? एका गालावर उन्हाळा, एका गालावर हिवाळा.

घड्याळजी : डिसेंबरला सात महिने आहेत. तोवर होतील दोन्ही सारखे. माझा फोन दे इकडे. आणि तिचा नंबर कुठे सापडतो ते दाखव, मी कधी लावलेला नाही.

न्हावी : हा घ्या. लागला. वाजतोय.

(शिंपी पंखा बंद करतो.)

घड्याळजी : हॅलो. मी बोलतोय. नाही, नाही, आई बरी आहे, घरीच आहे. मीच केला. काही नाही गं, सहज. तुझ्याकडे थंडी पडलीय म्हणे. अंगावर काही घेतलंस का?